शापाच्या आड लपलेले मालक

बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने 1918 साली वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलचं विजेतेपद ठरवणारी मालिका, जिंकली आणि त्यानंतर थेट 2004 साली. मधल्या 86 वर्षांचं खापर त्या शहराने एका शापावर फोडलं. बेब रूथसारखा खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकीजना विकला, त्याचा तळतळाट लागला, अशी ती गोष्ट. वर्तमानपत्रांनी ती इतकी घोटली की पुढे प्रत्येक पराभवाला तीच लागू व्हायला लागली. 1986 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू निसटला, तोही शापच.

शाप मानण्यात एक मोठी सोय असते. त्याला जाब विचारता येत नाही, आणि तो असला की दुसऱ्या कुणालाही विचारावा लागत नाही. मला या गोष्टीचा राग आहे तो तेवढ्यासाठीच. रेड सॉक्सच्या इतिहासात जे बिघडलं त्यातलं बरंचसं मैदानावर बिघडलेलं नाही. ते हिवाळ्यात बिघडलं, बंद खोलीत, कागदावर सही होऊन. सही कोणी केली, कोणत्या तारखेला, किती डॉलरला, हे सगळं माहीत आहे. तरी शहर एका भुताकडे बोट दाखवत राहिलं.

बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबर लागता लागता संपतो. पुढचे तीन-चार महिने मैदान रिकामं असतं आणि खेळाडूंची देवघेव जोरात असते. हंगामात नशिबाला वाव असतो. वाऱ्यावर चेंडू कुंपणापलीकडे जातो, पंच चुकतो, ऐन वेळी कुणाचा तरी खांदा दुखावतो. हिवाळ्यात यातलं काही नसतं. म्हणून एखादा क्लब कसा आहे हे बघायचं असेल तर त्याचे हिवाळे बघावेत, असं माझं मत आहे. आणि रेड सॉक्सचे हिवाळे बघितले की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: मालक ‘परवडत नाही’ म्हणतो, तेव्हा ते खरं आहे की नाही हे तपासायचा अधिकार कुणाला असावा?

सुरुवात अर्थातच रूथपासून. 1919 च्या हंगामात त्याने 29 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे कुंपणापलीकडचे फटके) मारले. तोवर एका हंगामात एवढे कोणीच मारले नव्हते. संघ मात्र सहावा आला. त्याचा वर्षाला 10,000 डॉलरचा तीन वर्षांचा करार होता आणि पहिलंच वर्ष संपताना त्याने दुप्पट मागायला सुरुवात केली. मालक हॅरी फ्रेझी हा मूळचा नाटकधंद्यातला माणूस. 26 डिसेंबर 1919 ला सौदा ठरला आणि 5 जानेवारी 1920 ला जाहीर झाला. किंमत एक लाख डॉलर, तीही हप्त्यांनी. शिवाय यांकीजचे मालक जेकब रपर्ट यांच्याकडून तीन लाख डॉलरचं कर्ज, आणि त्या कर्जाला तारण कोणतं, तर बॉस्टनचं फेनवे पार्क. म्हणजे खेळाडू प्रतिस्पर्ध्याला विकला आणि मैदानही त्याच प्रतिस्पर्ध्याकडे गहाण ठेवलं. यात शाप कुठे आहे? हे सरळ कर्जबाजारी माणसाचं वागणं आहे.

फ्रेझीची बाजूही मांडायला हवी, कारण त्याला खलनायक करण्यातही तीच शापाची सोय आहे. रूथ सांभाळायला सोपा नव्हता. 1919 च्या शेवटच्या सामन्याला तो संघासोबत नव्हता, प्रदर्शनी सामना खेळून वेगळे पैसे कमवायला गेला होता. आधीचे मालक जोसेफ लॅनिन यांचं देणं फ्रेझीच्या डोक्यावर होतं. रेड सॉक्स ज्यात खेळत त्या अमेरिकन लीगचे (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्याशी त्याचं उघड वैर होतं आणि आठपैकी बहुतेक क्लब जॉन्सनच्या बाजूचे. फ्रेझीशी मोठा व्यवहार करायला न्यूयॉर्क आणि शिकागो व्हाइट सॉक्स एवढेच काय ते राहिले होते. एका संगीत नाटकाला पैसा हवा होता म्हणून रूथ विकला, असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात, पण ते नाटक ब्रॉडवेवर आलं 1925 मध्ये. हेन्री फोर्डच्या वृत्तपत्राने तर 1921 मध्ये ज्यूविरोधी लेखमालेत त्याला ओढलं, आणि तो ज्यू नव्हताच. गोष्टीला खलनायक हवा असला की तो असा कुठूनही शोधला जातो.

तरीही एक तुलना मनातून जात नाही. रपर्ट यांचा धंदा बिअरचा होता. रूथची खरेदी जाहीर झाल्यावर बाराच दिवसांनी, 17 जानेवारी 1920 ला, अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. हातातला मुख्य धंदा कायद्याने बंद होत असताना हा माणूस बेसबॉलमध्ये पैसा ओतत होता. फ्रेझीला परवडत नव्हतं आणि रपर्टला परवडत होतं, हे इतकं सरळ नाही. दोघेही अडचणीत होते. एकाने अडचणीत खेळाडू विकला, दुसऱ्याने अडचणीत विकत घेतला. 1920 मध्ये रूथने 54 होमरन मारले. अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही अख्ख्या संघाला तेवढे मारता आले नाहीत. त्या वर्षी यांकीजच्या घरच्या सामन्यांना साडेबारा लाखांहून जास्त प्रेक्षक आले. एका हंगामात दहा लाखांचा आकडा बेसबॉलमध्ये पहिल्यांदाच ओलांडला गेला. ज्याला बॉस्टनमध्ये खर्च म्हणत होते तो न्यूयॉर्कमध्ये उत्पन्न झाला.

आणि तो एकच हिवाळा नव्हता. डिसेंबर 1920 मध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, वेट हॉइट गेला, डिसेंबर 1921 मध्ये जो बुश आणि सॅम जोन्स, जानेवारी 1923 मध्ये हर्ब पेनॉक. सगळे यांकीजकडे. 1923 मध्ये यांकीजनी पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा त्यांच्या पाच मुख्य पिचरांपैकी चार बॉस्टनहून आलेले होते. रेड सॉक्स 1922 ते 1932 या अकरा हंगामांत नऊ वेळा तळाला राहिले. नुसता रूथ विकून थांबले असते तर कदाचित सावरले असते. शापाच्या गोष्टीत रूथ एकटा असतो, कारण चार पिचर गेल्याची गोष्ट रंगत नाही.

1933 मध्ये टॉम यॉकी आले. वारसाहक्काने मिळालेली अफाट संपत्ती, वय तिशीचं. आता पैसा नाही असं म्हणायची सोयच उरली नाही. महामंदीत इतर मालक बुडत होते आणि यॉकी हिवाळ्यामागून हिवाळा खरेदी करत होते. डिसेंबर 1933 मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉनी मॅककडून लेफ्टी ग्रोव्ह, सव्वा लाख डॉलर. ऑक्टोबर 1934 मध्ये वॉशिंग्टनहून जो क्रोनिन, सव्वादोन ते अडीच लाख. क्रोनिन हा वॉशिंग्टनचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांचा नात्याने घरचा जावई, लग्न होऊन महिनाच झालेला. जावई विकणारा मालक इतिहासात दुसरा सापडायचा नाही. डिसेंबर 1935 मध्ये जिमी फॉक्स, दीड लाख. बॉस्टनने 1920 मध्ये जे भोगलं ते आता फिलाडेल्फिया भोगत होतं, आणि बॉस्टनमध्ये कुणाला त्याची खंत नव्हती.

एवढं करून यॉकींच्या 43 वर्षांत एकही विजेतेपद आलं नाही. कारण शोधायला भूतविद्या लागत नाही. 16 एप्रिल 1945 ला जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्व्हिन विल्यम्स हे तीन कृष्णवर्णीय खेळाडू फेनवे पार्कवर चाचणीला आले. चाचणी झाली, पुढे कुणी बोलावलं नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळला आणि देशाचा इतिहास बदलला. जेथ्रो 1950 मध्ये त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाकडून, बॉस्टन ब्रेव्ह्जकडून, सर्वोत्तम नवोदित ठरला. रेड सॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू पम्प्सी ग्रीन मैदानावर उतरला तो जुलै 1959 मध्ये, सगळ्या संघांत सर्वात शेवटी. चौदा हिवाळे हा क्लब देशातल्या उत्तमोत्तम खेळाडूंच्या एका मोठ्या वर्गाकडे पाठ करून बसला होता. आणि पुढे लोकांनी दोष दिला तो रूथच्या भुताला.

त्या चाचणीमागची हकिकत माझ्या मुद्द्यासाठी फार महत्त्वाची आहे. रेड सॉक्सने ती मनापासून घेतली नव्हती. बॉस्टनचे नगरसेवक इसाडोर मकनिक यांनी त्यांना भाग पाडलं होतं. रविवारी सामने खेळवायला त्या काळी नगरपरिषदेची परवानगी लागे. चाचणी घेतली नाही तर माझं मत मिळणार नाही, असं मकनिक यांनी ठणकावलं. म्हणजे क्लब खासगी असला तरी शहराच्या हातात काहीतरी असतं. वापरायची इच्छा असली पाहिजे. मकनिक यांनी ते वापरलं, अर्धंच यश आलं. पण ज्या काळात बाकीचं शहर गप्प होतं त्या काळात एका नगरसेवकाने मालकाला जाब विचारला, ही गोष्ट मला कुठल्याही होमरनपेक्षा मोठी वाटते.

1980 चा हिवाळा तर निव्वळ गलथानपणाचा. तोवर खेळाडूंनी कायदेशीर लढाई जिंकून करार संपल्यावर मोकळं होण्याचा हक्क मिळवला होता. खेळाडू ठेवायचा तर 20 डिसेंबरच्या आत नव्या कराराचा कागद त्याला पाठवायचा, असा नियम होता. रेड सॉक्सने कार्लटन फिस्कचा कागद टपालात टाकला दोन दिवस उशिरा. फिस्क म्हणजे न्यू हॅम्पशायरमध्ये वाढलेला, त्याच मातीतला कॅचर, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा. 1975 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात बाराव्या डावात चेंडू आत राहावा म्हणून हात हलवत उड्या मारणारा तो हाच. लवादाने त्याला मोकळं केलं आणि तो शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला. फ्रेड लिन यालाही त्याच घोळात कॅलिफोर्नियाला पाठवून द्यावं लागलं. नव्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, 10 एप्रिल 1981 ला, फिस्क शिकागोचा गणवेश घालून फेनवेवर आला आणि आठव्या डावात तीन धावांचा होमरन मारून त्याने बॉस्टनला हरवलं. त्यानंतर तो तेरा हंगाम खेळला. दोन दिवस उशीर हा मुद्दाम केलेला की हलगर्जी, यावर अजून वाद आहेत. मुद्दाम असेल तर लबाडी, नसेल तर नालायकी. दोन्हींत दोषी माणसंच.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी मालकांनी फक्त खर्च करावा असं म्हणतोय. तसं नाही. उलट बॉस्टनचा सर्वात आनंदाचा हिवाळी सौदा आठवला की मला अस्वस्थ वाटतं. नोव्हेंबर 1997 मध्ये रेड सॉक्सने मॉन्ट्रियल एक्स्पोजकडून पेड्रो मार्टिनेझला घेतलं. बदल्यात कार्ल पवानो आणि टोनी आर्मास ज्युनियर हे दोन तरुण पिचर. पेड्रोने नुकताच नॅशनल लीगचा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवला होता. तो बॉस्टनमध्ये येऊन जे खेळला ते त्या शहराने डोक्यावर घेतलं, आणि बरोबरच आहे. पण मॉन्ट्रियलच्या बाजूने बघा. 1994 मध्ये खेळाडूंच्या संपामुळे हंगाम थांबला तेव्हा तो संघ 74 विजय, 40 पराभव अशा नोंदीसह सर्वांच्या पुढे होता. मालकांना पैसा टाकायचा नव्हता. पुढच्या वसंतात हंगाम सुरू व्हायच्या आतच त्यांनी अर्धा संघ वाटून टाकला. मग पेड्रो गेला. प्रेक्षक आटत गेले आणि लीग म्हणू लागली, या शहराला बेसबॉल आवडत नाही. 29 सप्टेंबर 2004 ला एक्स्पोज वॉशिंग्टनला हलवणार असल्याचं जाहीर झालं, त्याच संध्याकाळी त्यांचा मॉन्ट्रियलमधला शेवटचा सामना झाला. बरोबर चार आठवड्यांनी रेड सॉक्सने 86 वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि त्या मालिकेतल्या तिसऱ्या सामन्याचा विजयी पिचर होता पेड्रो. बॉस्टनचा शाप उतरला म्हणून जगभर मथळे आले. मॉन्ट्रियलसाठी कुणी शापाची गोष्ट रचली नाही. रचायला तिथे संघच उरला नव्हता.

2004 च्या त्या संघाचे हिवाळे मात्र खरोखर बघण्यासारखे आहेत. 2002 मध्ये जॉन हेन्री, टॉम वर्नर आणि मंडळींनी क्लब घेतला, कर्ज धरून सुमारे 70 कोटी डॉलरला. त्या नोव्हेंबरात थिओ एपस्टीन हा 28 वर्षांचा मुलगा जनरल मॅनेजर झाला. डिसेंबरात मिनेसोटाने डेव्हिड ऑर्टिझला सोडून दिलं आणि जानेवारी 2003 मध्ये बॉस्टनने त्याला साडेबारा लाख डॉलरला घेतलं. पुढच्या हिवाळ्यात एपस्टीन थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला पिचर कर्ट शिलिंगच्या ॲरिझोनातल्या घरी जाऊन बसला आणि त्याला तयार करूनच उठला.

आणि मग न झालेला सौदा. डिसेंबर 2003 मध्ये टेक्सासहून ॲलेक्स रॉड्रिगेझला आणायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याच्यासाठी मॅनी रामिरेझ आणि जॉन लेस्टर नावाचा एक होतकरू पोरगा द्यायचा. रॉड्रिगेझचा करार 25.2 कोटी डॉलरचा. बॉस्टनला तो कमी करून हवा होता, खेळाडू स्वतः कमी करायला तयार होता, पण खेळाडूसंघटनेने मोडता घातला. एकाने मूल्य उतरवलं की उद्या सगळ्यांवर तो दबाव येईल, असं तिचं म्हणणं. त्या वेळी बॉस्टनमध्ये संघटनेला केवढ्या शिव्या बसल्या! फेब्रुवारीत रॉड्रिगेझ यांकीजकडे गेला, तेव्हा तर शापाचा नवा अध्याय सुरू झाला असं लोक म्हणाले. पुढे काय झालं? मॅनी रामिरेझ 2004 च्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी ठरला. लेस्टर कर्करोगावर मात करून 2007 मध्ये विजेतेपदाचा निर्णायक सामना जिंकून देता झाला. क्लबच्या हिशेबातली हुशारी ज्या संघटनेने हाणून पाडली तिनेच क्लबचं भलं केलं, नकळत का होईना. संघटना खेळाचं वाटोळं करतात असं म्हणणाऱ्यांनी हा हिवाळा अधूनमधून आठवावा.

चार विजेतेपदं आली: 2004, 2007, 2013, 2018. भूत पळालं. पण गंमत अशी की भूत पळाल्यावर त्याची जागा दुसऱ्या अदृश्य शक्तीने घेतली. तिचं नाव लक्झरी टॅक्स.

मुकी बेट्सला रेड सॉक्सने 2011 मध्ये नवोदितांच्या वार्षिक निवडीत पाचव्या फेरीत घेतलं. क्लबने स्वतः घडवलेला खेळाडू. 2018 मध्ये संघाने 108 सामने जिंकले, वर्ल्ड सिरीज जिंकली आणि बेट्स अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सलग चार वर्षं गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार. फेब्रुवारी 2020 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे धाडलं. सोबत पिचर डेव्हिड प्राइस, ज्याच्या करारातले 9.6 कोटी डॉलर बाकी होते आणि त्यातला अर्धा भार बॉस्टननेच उचलला. बदल्यात ॲलेक्स व्हर्ड्युगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग.

कारण काय सांगितलं? संघाचा पगारखर्च एका मर्यादेपुढे गेला की वरच्या रकमेवर लीगला कर द्यावा लागतो. 2020 ची मर्यादा होती 20.8 कोटी डॉलर. लागोपाठ वर्षं ओलांडली की दर चढतो, एकदा खाली आलं की पुन्हा मूळ दरावर. रेड सॉक्सने 2018 आणि 2019 मध्ये ती ओलांडली होती. 2019 च्या सप्टेंबरातच हेन्री यांनी पुढच्या वर्षी खाली यायचंय असं सांगून टाकलं. सौद्यानंतर मात्र व्यवस्थापन म्हणू लागलं की प्रश्न कराचा नव्हता. बेट्स वर्षभरात मोकळा होऊन निघून गेला असता, तर हातात काहीच आलं नसतं. हेन्री यांनी असंही सांगितलं की लहानपणी ते स्टॅन म्यूझियल या खेळाडूचे चाहते होते आणि तो विकला गेला असता तर त्यांचंही मन मोडलं असतं. हे वाचून मला राग येण्याऐवजी आश्चर्यच वाटलं. मन मोडतं हे माहीत असलेला माणूस मन मोडायची सही करतो आणि सहानुभूतीही व्यक्त करतो.

आता आकडे. 2018 चा कर होता सुमारे 1.2 कोटी डॉलर, 2019 चा 1.3 कोटींच्या आसपास. याच काळात फोर्ब्सच्या अंदाजाने क्लबची किंमत तीन अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती, म्हणजे घेतल्यापासून चौपटीहून जास्त. त्याच मालकांकडे इंग्लंडचा लिव्हरपूल फुटबॉल क्लब आहे, 2010 पासून. 2021 मध्ये त्यांनी पिट्सबर्ग पेंग्विन्स हा आइस हॉकीचा संघही घेतला. बेट्सला ठेवायला पैसा नव्हता असं ज्याला म्हणायचं त्याने खुशाल म्हणावं. पैसा होता, तो दुसरीकडे लावायचं ठरलं होतं. ठरवायचा अधिकार त्यांचा आहे, मान्य. पण मग ठरवलं असं म्हणा ना. भाग पडलं असं का म्हणता?

जुलै 2020 मध्ये डॉजर्सनी बेट्सशी 12 वर्षांचा 36.5 कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी ते जिंकले, मग 2024 आणि 2025 मध्येही. जीटर डाउन्स बॉस्टनकडून जेमतेम चौदा सामने खेळला आणि 2022 च्या डिसेंबरात सोडून दिला गेला. व्हर्ड्युगो डिसेंबर 2023 मध्ये कुणाला दिला, तर यांकीजना. वाँग कॅचर म्हणून टिकला. बॉस्टन 2021 मध्ये उपांत्य मालिकेपर्यंत पोचलं हे प्रामाणिकपणे नोंदवतो, पण 2020, 2022 आणि 2023 मध्ये गटात तळाला होतं. डिसेंबर 2022 मध्ये झँडर बोगार्ट्सही सॅन डिएगोला गेला, 11 वर्षांच्या 28 कोटी डॉलरवर.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. लांब पल्ल्याचे करार बहुतेक वेळा अंगाशी येतात. कार्ल क्रॉफर्डला डिसेंबर 2010 मध्ये 14.2 कोटी दिले आणि दोन वर्षांच्या आत त्याला डॉजर्सच्या गळ्यात मारावं लागलं. पाब्लो सँडोव्हालला 9.5 कोटी दिले आणि करार संपायच्या आधीच घरी पाठवलं. ख्रिस सेलचा करार 2019 मध्ये वाढवला आणि वर्षभरात त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. 2012 च्या हिवाळ्यात याउलट मध्यम किमतीचे, साधे वाटणारे खेळाडू गोळा केले, माइक नापोली, शेन व्हिक्टोरिनो, कोजी उएहारा, आणि आदल्या वर्षी तळाला असलेला संघ 2013 मध्ये जिंकला. म्हणजे हात आखडता घेणं दरवेळी वाईट नसतं. पण या आक्षेपातूनच माझा मुद्दा पक्का होतो. 2020 मध्ये हात बांधले गेले ते आधीच्या हिवाळ्यांतल्या चुकीच्या सह्यांमुळे. त्या सह्या कोणाच्या? 2014 च्या वसंतात लेस्टरला चार वर्षांचे सात कोटी देऊ केले, तो पुढे शिकागो कब्जकडे 15.5 कोटींवर गेला, आणि मग त्याची पोकळी भरायला प्राइसला 21.7 कोटी दिले. घडवलेल्या पिचरला कमी लेखायचं आणि बाहेरच्याला जास्त द्यायचं, आणि शेवटी त्या बाहेरच्याचा करार उतरवायला बेट्सला सोबत द्यायचं. या साखळीची प्रत्येक कडी माणसांनी ओवलेली आहे.

कुणी म्हणेल, हा खासगी धंदा आहे, आवडत नसेल तर तिकीट काढू नका. पण बेसबॉल साधा खासगी धंदा नाही. 1922 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळलं आणि ती सूट थोड्याफार फरकाने आजही टिकून आहे. लीगच्या मर्जीशिवाय दुसऱ्या शहराला नवा संघ घेऊन तिच्यात उतरता येत नाही. बॉस्टनच्या माणसाला रेड सॉक्सऐवजी दुसरा मोठा संघ निवडता येत नाही. फेनवेभोवतीचे रस्ते सार्वजनिक आहेत, आणि 2013 मध्ये शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाने सामन्यांच्या दिवशी ते वापरायचा कायमचा हक्क क्लबला 73 लाख डॉलरला देऊन टाकला. तेव्हा टीका झाली ती दर कमी लावल्याची. मकनिक यांच्यासारखं, हे देतो पण बदल्यात हिशेब दाखवा, असं कुणाला सुचलं नाही.

लीगला हस्तक्षेप करता येत नाही असंही नाही. 1976 मध्ये ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी जो रुडी आणि रॉली फिंगर्स यांना प्रत्येकी दहा लाख डॉलरला विकलं. घेणारा कोण, तर बॉस्टनच. व्हायडा ब्लू पंधरा लाखांना यांकीजकडे चालला होता. बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांनी खेळाच्या हिताचं नाही म्हणून तिन्ही विक्री रद्द केल्या आणि न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. म्हणजे मनात आलं तर रूथसारखा सौदा थांबवता येतो. पण सॅन डिएगो पॅड्रेजच्या मालकीणबाई जोन क्रॉक यांनी संघ शहराला दान द्यायची तयारी दाखवली, तेव्हा याच लीगने नकार दिला. शहराच्या मालकीचा क्लब म्हणजे उघडे हिशेब. बाकीच्या मालकांना ते परवडलं नसतं, आणि इथे मात्र ‘परवडत नाही’ हे शब्द शंभर टक्के खरे आहेत.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार लांबचं वाटू नये. नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला, पैशांच्या सौद्यात, आणि महिन्याभरात रोहित शर्माचं कर्णधारपद गेलं. वानखेडेवर प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. गुजरातला त्याच्यासाठी किती रक्कम मिळाली ती अधिकृतपणे जाहीर झाली नाही. हुर्यो खेळाडूच्या वाट्याला आली, व्यवहार करणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही.

बेसबॉलमधल्या मालकांचा आणि खेळाडूंचा सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो. मागच्या वेळी तो संपला तेव्हा मालकांनी 99 दिवस टाळेबंदी केली होती. या वेळी पगारांवर कायमची कमाल मर्यादा हवी, असं मालकांच्या गोटातून ऐकू येतं, आणि कारण पुन्हा तेच, परवडत नाही. तीसपैकी अटलांटा ब्रेव्ह्ज हा क्लब 2023 पासून स्वतंत्र कंपनी म्हणून शेअर बाजारात आहे. त्याला दर तिमाहीला जमाखर्च जाहीर करावा लागतो, आणि त्यामुळे त्याचं आभाळ कोसळलेलं नाही. उरलेल्या क्लबांनी, रेड सॉक्सने सर्वात आधी, निदान मागच्या दहा वर्षांचे तसेच ताळेबंद वाटाघाटींच्या आधी मांडावेत. मांडणार नसतील, तर बॉस्टनच्या नगरपरिषदेने आणि मॅसॅच्युसेट्सच्या लोकप्रतिनिधींनी 1922 ची ती सूट आणि फेनवेभोवतीचे ते रस्ते, दोन्ही विषय पुन्हा चर्चेला घ्यावेत.